निकॉन विकून सोनी घेऊ का?

आषाढी एकादशी झाली की माझा फोन या प्रश्नाने वाजायला लागतो. मुहूर्त संपलेले, चातुर्मास लागलेला, अल्बम छपाईला गेलेले, गिऱ्हाइकाकडची बाकी येत असलेली किंवा नेहमीप्रमाणे येत नसलेली. हाताला काम नाही आणि मोबाइलवर नव्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ एकामागून एक. मग कुणीतरी फोन करतो, "दादा, जरा विचारायचं होतं. निकॉन विकून सोनी घेऊ का?" कधी निकॉनच्या जागी कॅनन असतं. विचारणारे बहुतेक लग्नाची कामं करणारे, तालुक्याच्या गावात स्टुडिओ असलेले किंवा मोठ्या फोटोग्राफरच्या हाताखाली सेकंड कॅमेरा धरणारे. सगळ्यांना फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी बॅग उघडा आणि आतल्या प्रत्येक लेन्सवर काय छापलंय ते वाचा. बॉडी, म्हणजे लेन्स काढलेला नुसता कॅमेरा, बाजूला ठेवा. बॉडी दर पाच-सहा वर्षांनी तशीही बदलायची असते.

हे सांगतो कारण ज्याला तुम्ही कंपनी बदलणं म्हणताय, ते कंपन्यांनी तुम्हाला न विचारता आधीच करून टाकलंय. माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे अडकते ती कडी. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, कॅननचा ईएफ १९८७ पासूनचा. दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, नवा माउंट काढला: निकॉनचा झेड, कॅननचा आरएफ. निकॉनचा डी६ आणि कॅननचा वनडीएक्स मार्क थ्री हे २०२० मध्ये आले आणि त्यानंतर दोघांनी आरशाचा मोठा कॅमेरा काढला नाही. म्हणजे आज नवा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की माउंट बदलणारच, पाटी कोणतीही असो. "मी निकॉनमध्येच राहिलो" म्हणणारासुद्धा नव्या घरातच राहायला गेलेला असतो. जुन्या घरातलं कोणतं सामान नव्या दारातून आत जातं, एवढंच बघायचं.

आणि हे गणित अगदी सोपं आहे. लेन्स जिथे बसते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात साडेसेहेचाळीस मिलिमीटर. आरशाला हलायला जागा लागायची म्हणून एवढं. आरसा गेला आणि झेडमध्ये ते १६ वर आलं. मधल्या साडेतीस मिलिमीटरमध्ये एक पोकळ नळी, म्हणजे अडॅप्टर, बसते, तिलाच निकॉन एफटीझेड म्हणतं. नळीत काच नाही, त्यामुळे फोटोच्या दर्जावर परिणाम नाही. सोनीचं अंतर १८. तिथेही जुनी निकॉन लेन्स नळी लावून बसते, पण ती नळी तिसऱ्याच कंपनीची असते आणि कॅमेरा-लेन्सचं आपसातलं बोलणं तिने भाषांतर करून द्यायचं असतं. स्टेजवर ऐन वेळी ती मुकी झाली तर भटजी थांबत नाहीत. गंमत म्हणजे १६ आणि १८ मध्ये जो दोन मिलिमीटरचा फरक उरतो, त्यातही लोकांनी अडॅप्टर बसवलाय: सोनीच्या लेन्स निकॉन झेडवर ऑटोफोकससकट चालतात. उलटं होत नाही.

आता लेन्सवर काय छापलंय, त्याकडे. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलं असेल तर मोटर लेन्सच्या आत आहे आणि एफटीझेडवर ऑटोफोकस चालतो. नुसतं एएफ आणि पुढे डी असेल, तर ती लेन्स कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालायची. बॉडीच्या माउंटवर जो छोटा स्क्रू दिसतो ना, तो लेन्सला फिरवायचा. एफटीझेडमध्ये हा स्क्रूही नाही आणि मोटरही नाही. लेन्स बसेल, फोटो निघेल, पण फोकस हाताने. आपल्याकडे सेकंडहँडमध्ये घेतलेली ८०-२०० २.८ डी लेन्स किती जणांच्या बॅगेत आहे ते मला माहीत आहे. तिच्या जिवावर किती स्टेज निघालेत तेही. ती लेन्स निकॉनच्याच नव्या कॅमेऱ्यावर आंधळी होते. तुमचा मुख्य मारा तिच्यावर आणि ५० १.८ डी वर असेल, तर निकॉनला धरून राहण्यात तुमचा काही फायदा नाही. तुम्ही मोकळे आहात, जिकडे जायचं तिकडे जा.

कॅननवाल्यांचं याच्या अगदी उलटं. ईएफची जवळजवळ प्रत्येक लेन्स आरएफ बॉडीवर कॅननच्या अडॅप्टरने पहिल्यासारखी चालते, कित्येकदा जास्त चांगली. कारण १९८७ मध्येच कॅननने मोटर लेन्समध्ये टाकली होती. त्या वेळी मात्र त्यांनी जुन्या एफडी लेन्सवाल्यांना रस्त्यावर सोडलं होतं. एफडीचं अंतर ४२ आणि ईएफचं ४४, त्यामुळे नुसती नळी लावून भागण्यासारखं नव्हतं. तेव्हा निष्ठेचं म्हणाल तर ती एकतर्फीच असते. मिनोल्टाचा ए माउंट १९८५ चा. कोनिका मिनोल्टा २००६ मध्ये धंद्यातून बाहेर पडली, माउंट सोनीकडे आला, आणि सोनीनेही २०१६ च्या ए९९ टू नंतर त्याचा नवा कॅमेरा काढला नाही. "आमच्या वडलांपासून आम्ही निकॉनवाले" हे ऐकायला छान वाटतं, पण त्यावर कोणी सूट देत नाही.

तरीही लोकांना सोनी का हवा असतो, ते खोटं नाही. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो, आणि चारही बाजूंनी अक्षता येतात. तुमच्याकडे निकॉनचा आरशाचा डी७५०. त्याचे एक्कावन्न फोकस पॉइंट सगळे मध्यभागी गोळा झालेले, आणि नवरी फ्रेमच्या कडेला. मधला पॉइंट चेहऱ्यावर धरायचा, फोकस लॉक करायचा, मग फ्रेम सरकवायची. तेवढ्यात समोरून तांदूळ येतो आणि पॉइंट त्या तांदळाला पकडतो. घरी जाऊन बघावं तर अक्षता एकदम टकाटक आणि मागे नवरा-नवरी लोण्यासारखे वितळलेले. ८५ लेन्स १.८ वर उघडली असेल तर आणखी मजा: मुंडावळीचे मोती धारदार आणि त्यामागचा डोळा मऊ. हा त्रास ज्याने भोगलाय त्याला डोळा पकडून ठेवणारा कॅमेरा पहिल्यांदा हातात आल्यावर काय वाटतं, ते मला सांगायला नको. मुंडावळीला तोही कधीमधी फसतो. पण शंभरातले वाया जाणारे फोटो इतके कमी होतात की एडिटिंगला बसताना मूडच वेगळा असतो.

फक्त एवढं लक्षात घ्या, की ही देणगी मिररलेसची आहे, एकट्या सोनीची नाही. २०१८ मध्ये सोनीचा ए७ थ्री आला तेव्हा फरक खरंच होता. दोन कार्ड स्लॉट, चांगली बॅटरी, डोळ्याचा फोकस. त्याच वर्षी आलेल्या निकॉन झेड६ मध्ये कार्डाचा एकच स्लॉट होता, तोही महागड्या कार्डाचा, आणि डोळ्याचा फोकस २०१९ च्या मे महिन्यात फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर बदलून, मिळाला. लग्नाच्या माणसाला एकच स्लॉट देणं म्हणजे काय, हे निकॉनमध्ये कुणाच्या लक्षात कसं आलं नाही हे मला आजही कळलेलं नाही. त्या काळात जे सोनीकडे गेले त्यांनी बरोबर केलं. पण २०२० च्या झेड६ टू मध्ये दुसरा स्लॉट आला, कॅननच्या आर६ ने डोळ्याच्या फोकसमध्ये सोनीला गाठलं, आणि आज फक्त ऑटोफोकससाठी सगळी बॅग उलटी करावी असं अंतर कुणातच राहिलेलं नाही. व्हिडिओतला माणूस हे सांगत नाही, कारण त्याच्या टेबलावर तिन्ही कॅमेरे फुकट आलेले असतात. तसंच असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२० मध्ये जगभरच्या आपल्या फोटोग्राफरना सोनी दिला, याचं उदाहरण मला बरेच जण देतात. दिला, बरोबर. संस्थेने दिला. त्यासाठी कुणी बायकोशी चर्चा केली नव्हती.

मिररलेसवर गेल्यावर सगळ्यांना एकदा बसणारा धक्का इथेच सांगून ठेवतो. सायलेंट शटरच्या, म्हणजे शटरचा पडदा न हलवता बिनआवाजी फोटो काढण्याच्या, मोहात पडू नका. मंगल कार्यालयातले एलईडी दिवे आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आणि या किमतीतल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर सायलेंट मोडमध्ये वरून खाली सावकाश वाचला जातो. नवरीच्या शालूवर आडवे काळे पट्टे उमटतात आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरने धड जात नाहीत. मेकॅनिकल शटर ठेवा, स्पीड १/१०० च्या आसपास. मागच्या एलईडी वॉलसाठी तेवढंही पुरत नाही. तिथे दोन-तीन टेस्ट फोटो काढून स्पीड पुढे-मागे करत बसावं लागतं. सोनी ए९ किंवा निकॉन झेड९ सारखे झटपट वाचणारे सेन्सर यातून बरेचसे सुटतात, पण ते आपल्या हिशेबात बसत नाहीत.

सोनीकडे जाण्याचं मला पटणारं कारण वेगळंच आहे, आणि फोनवर ते क्वचितच कुणी सांगतं: तुम्हाला काम कोण देतं? सेकंड कॅमेऱ्यासाठी बोलावणारा आधी विचारतो, "सोनी आहे का?" त्याच्या जागी तो बरोबर असतो. व्हिडिओवाला सोनीवर लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर बसवायच्या फिक्या मोडमध्ये, शूट करतोय, एडिटिंगवाल्याने त्याचे रंग बसवून ठेवलेत, त्यात तुमची वेगळी फाइल आली की हळदीचा पिवळा दोन तऱ्हेचा दिसतो. शिवाय लेन्स एकमेकांच्या वापरता येतात, बॅटरी संपली तर शेजाऱ्याकडून मिळते. वर्षाची निम्मी कामं अशी दुसऱ्याच्या हाताखालची असतील, किंवा व्हिडिओचे पैसे फोटोपेक्षा जास्त येत असतील, तर माउंटचं सगळं गणित विसरा आणि जो कॅमेरा टीमकडे आहे तो घ्या. दुसरी गोष्ट लेन्सची. सोनीने २०११ मध्येच ई माउंट बाहेरच्या कंपन्यांना खुला केला, म्हणून टॅमरॉनची २८-७५ २.८ सारखी, खिशाला झेपणारी आणि लग्नाचं ऐंशी टक्के काम उरकणारी लेन्स तिथे मिळाली. कॅननने आरएफच्या बाबतीत बराच काळ हात आखडता ठेवला.

पैशाचा हिशेब लोक चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. नव्या बॉडीची किंमत आणि ईएमआय तोंडपाठ असतो, जुन्याचे किती येतील ते मात्र मनानेच धरलेलं असतं. मुंबईला जाणं झालं तर फोर्टात बोरा बाजारात बॅग घेऊन जा आणि रोख भाव विचारा. दुकानदार काय करतो ते बघा. शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, काढतो. डी७५० चं शटर दीड लाखासाठी धरलेलं, तुमचं त्याच्या किती जवळ आहे ते आधी तो बघणार. मग लेन्स मागून उघडतो, मोबाइलचा टॉर्च आरपार मारतो. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की चेहरा पाडतो. बुरशी. महाबळेश्वर-कोयना पट्ट्यात किंवा कोकणात राहणाऱ्याच्या लेन्समध्ये ती नसली तर नवल. भाव तिथेच निम्मा. त्या आकड्यावर विकायची तयारी असेल तरच पुढचं बोला. आणि पुढे नुसती बॉडी नसते: बॅटऱ्या, चार्जर, कार्डं, लांबचा फ्लॅश पेटवणारा ट्रिगर. गोडॉक्सचे स्टँडवरचे फ्लॅश तेच राहतात, ट्रिगर मात्र सोनीचा वेगळा घ्यावा लागतो.

मी काय केलं, हेही विचारता. मी निकॉनमध्येच राहिलो. माझ्या कामाच्या तिन्ही लेन्स एएफ-एस आहेत, फोटोच जास्त करतो आणि कामं माझी मीच घेतो, म्हणून. झेड६ टू घेतला, एफटीझेड त्याला कायम चिकटलेला असतो. डी७५० च्या जुन्या बॅटऱ्या त्यात चालतात, फक्त त्या कॅमेऱ्यात ठेवून यूएसबीने चार्ज होत नाहीत. आणि कंपनीच्या मोजणीत डी७५० एका चार्जवर १,२३० फोटो देतो तिथे हा चारशेच्या आतबाहेर, म्हणून खिसे जड असतात. डी७५० दुसऱ्या खांद्यावर आहेच. वरातीच्या अंधारात अजूनही हात आधी त्याच्याकडे जातो, आरशातून थेट दिसणाऱ्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरची सवय सुटत नाही.

तरीही ठरत नसेल तर एक दिवस सोनी भाड्याने आणा. पण हळदीला आणा, मुहूर्ताला नको. निकॉनची लेन्स बसवायची दिशा बाकीच्यांच्या उलट आहे. अंधारात, घाईत, एका हातात फ्लॅश असताना लेन्स बदलून बघा. मेन्यूत आयएसओची मर्यादा शोधा. हळदीला कुणाची घाई नसते आणि नवरीची मावशी पुन्हा एकदा हळद लावायला आनंदाने तयार असते.

परवा फलटणहून एकाचा फोन होता. निकॉनचा डी७२००, ८०-२०० डी, ५० डी, आणि बहुतेक कामं पुण्यातल्या एका टीमबरोबर. त्याला मी पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं, विक. लगेच त्याचा पुढचा प्रश्न, "कुठला सोनी घेऊ?" ते तुझ्या टीमवाल्याला विचार म्हटलं, पहिले सहा महिने लेन्स त्याच्याच लावायच्या आहेत तुला.