प्रदत्त मत

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. मी झेडपीच्या शाळेतली शिक्षिका. राहायला कोल्हापूर शहरात, आणि केंद्राध्यक्ष म्हणून नेमणूक करवीर मतदारसंघात, भोगावती काठच्या एका गावात. पहाटेचा मॉकपोल (मशीनची चाचणी), सातला मतदान सुरू, दुपारपर्यंत रांग तुटली नाही. ते सगळं सांगत बसत नाही. तीननंतरची गोष्ट सांगायची आहे.

साठी ओलांडलेल्या एक मावशी आल्या. पदराला माती, हातात आधार कार्ड. पहिल्या मतदान अधिकाऱ्यांनी यादीत नाव शोधलं आणि म्हणाले, "तुमचं मत झालंय." मावशी हलेनात. "कोण टाकलं? मी सकाळधरनं भांगलायला गेलतो!"

मी त्यांना टेबलाजवळ बोलावलं. दोन्ही हातांची बोटं पाहिली. नखांत माती होती, शाईचा ठिपका कुठेच नव्हता. मतदार नोंदवही उघडली, तर त्यांच्या क्रमांकापुढे ठसठशीत सही. मावशी अंगठा लावणाऱ्या. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणारी, म्हणून आलेली अंगणवाडी सेविका त्याच गावची, तिने तिथल्या तिथे ओळख पटवली.

एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणाला, "जाऊ दे की मावशे, एका मतानं काय हुतंय?" मी त्याला गप्प बसवलं. त्या वाक्याची मला आजही चीड येते.

अशा वेळी मशीनवर मत देता येत नाही, पण मतदाराला रिकाम्या हाताने परतही पाठवता येत नाही. नियमाप्रमाणे त्याला प्रदत्त मतपत्रिका द्यायची, म्हणजे कागदी मत. आमच्यापैकी बरेच जण तिला टेंडर मत म्हणतात. त्यासाठी प्रत्येक केंद्राला २० मतपत्रिका दिलेल्या असतात. वेगळ्या यादीत मावशींचा अंगठा घेतला, मतपत्रिका आणि बाणफुलीचा शिक्का दिला. पण त्याआधी खरं ते सांगणं भाग होतं. "मावशी, हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. निकालावरून कोर्टात वाद गेला आणि कोर्टानं सांगितलं, तरच पाकीट उघडतं."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजे कागदावर तर ऱ्हातंय न्हवं, की मी आलोवतो म्हणून?"

"राहतंय."

"मग द्या."

त्या आडोशामागे गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. कुणीही घाई केली नाही. बाहेर येऊन त्यांनी घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला, मी तो त्यांच्यासमोर पाकिटात घातला. त्यांचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला होता. मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यात आहे, पण दुसऱ्याच्या रानात भांगलणाऱ्या बाईला ती कोण देतो?

एका मताने काय होतं म्हणणाऱ्यांना मी दोन निकाल सांगते. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले. ते प्रकरण कोर्टात गेलं आणि अशाच प्रदत्त मतांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांवर लागला. अठ्ठेचाळीस म्हणजे आमच्या कॉलनीतल्या दोन इमारती.

आणि कॉलनीचंच म्हणाल, तर मतदानाला जोडून रजा टाकून गोव्याला गेलेली घरं मला माहीत आहेत. शिकलेली माणसं, मुलांना नागरिकशास्त्राचा अभ्यास घेणारी. त्या निवडणुकीत करवीरमध्ये ८० टक्क्यांहून जास्त मतदान झालं आणि शहरातला कोल्हापूर उत्तर बराच मागे राहिला. रस्त्यातले खड्डे, पंचगंगेचा पूर, नळाला न येणारं पाणी यांवर सर्वांत जास्त बोलतो आम्ही शहरातलेच. मला याचं मनापासून वाईट वाटतं. जो येत नाही, त्याच्या गल्लीची काळजी उमेदवाराने का करावी? गठ्ठ्याने मतं कुठून येतात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

संध्याकाळी सतरा सी, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना, भरताना प्रदत्त मतांच्या रकान्यात मी "१" लिहिला.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: यादीतलं नाव निवडणूक लागायच्या आधीच तपासा, नसेल तर नाव नोंदवायचा नमुना ६ भरा. मतदानाला शक्यतो सकाळीच जा. आणि "तुमचं मत झालंय" असं कुणी म्हणालं तर मुकाट्याने घरी परतू नका. थेट केंद्राध्यक्षांकडे जा आणि प्रदत्त मतपत्रिका मागा.