पल्सरची बॅटरी बदलली, साताऱ्यातला माझा अनुभव

पाऊस ओसरला आणि माझी जुनी पल्सर 150 सकाळी सेल्फ घेईना. बटण दाबलं की नुसतं टक टक टक, डिस्प्ले विझून परत लागायचा आणि मग बसा किका मारत. घरात सगळ्यांचं एकच, बॅटरी गेलीय, नवीन टाक. पण बॅटरी उतरते म्हणजे ती खराबच असते असं नाही, कधी गाडीच तिला नीट चार्ज करत नसते, मग नवीन टाकली तरी ती पण बसणार. म्हणून गोडोलीतल्या आमच्या मेकॅनिककडे गेलो, म्हणलं अण्णा, आधी मीटर लावून बघा, मग ठरवू.

अण्णा म्हणाले गाडी रात्रभर इथंच राहू दे, आत्ता चालवून आलायस, आकडा फुगून येईल. सकाळी मल्टिमीटर टेकवला तर 12.2 व्होल्ट. भरलेली बॅटरी 12.6 ते 12.8 दाखवते, त्यामुळं 12.2 म्हणजे अर्ध्यावर आली. खरी गंमत सेल्फ मारताना, आकडा धाडकन 8 च्या पण खाली. साडेनऊच्या आसपास तरी टिकायला पाहिजे होती. मग किकनं चालू करून रेस दिली, 14.2. हे 13.8 ते 14.5 मध्ये असलं की चार्जिंग बरोबर. 13 च्या खाली राहिलं असतं तर इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल नाहीतर आरआर युनिट (बॅटरीला जाणारं चार्जिंग आवरणारा डबा) बघायला लागलं असतं, आणि 15 च्या वर गेलं असतं तर आरआर युनिटच बॅटरी उकळून मारतंय असं समजायचं. आमचं चार्जिंग ठणठणीत निघालं म्हणजे बॅटरीच संपलेली.

मग पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात. माझ्या गाडीला 12 व्होल्ट 9 एएच लागते, एएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप. दुकानदार म्हणतोय 5 एएच घ्या, स्वस्त पडेल, चालते. चालते हो, पण सेल्फ जो दणका घेतो तो 5 एएचची किती दिवस सोसणार. स्प्लेंडरला 3 एएचवर भागतं कारण इंजिन लहान आणि सेल्फ पण तसाच, ते गणित इकडं लावून उपयोग नाही. उलट जास्त एएचची घ्यावी म्हणलं तर ट्रेमध्येच बसत नाही. शिवाय प्लस मायनस कुठल्या बाजूला आहे ते जुनी शेजारी ठेवून बघा, उलटी आली तर वायर पोचत नाही आणि ओढून उलटी जोडली तर फ्यूज नाहीतर आरआर युनिट गेलंच.

मग तारीख. पहिली बॅटरी दाखवली ती वर्षाच्या वरची, खोक्यावर धूळ. बॅटरी नुसती पडून पण उतरते आणि उतरलेली तशीच राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट धरतं, मग चार्ज केली तरी पहिल्यासारखी होत नाही. मी दुसरी मागितली, जरा तोंड वाकडं झालं पण आतून ताजी आली. वॉरंटी 48 महिने असं मोठ्या अक्षरात असतं, नीट वाचा, माझ्या कार्डावर पहिले 24 महिने फुकट बदलून आणि पुढचे 24 प्रो-राटा, म्हणजे वापरल्याप्रमाणं पैसे कापून. शिक्का आणि तारीख तिथंच मारून घ्या. जुनी बॅटरी दिली की बिलातनं पैसे कमी होतात, आत शिसं असतं ना, भंगारवाल्याला देऊ नका.

बसवताना अण्णांनी आधी मायनस काढला, मग प्लस. लावताना उलटं, आधी प्लस. कारण मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चेसिसला टेकला की ठिणगीच. आणि टर्मिनलच्या आतला तो चौकोनी नट, बोल्ट घालायला गेलं की खाली जाऊन बसतो, माणूस वैतागतो! अण्णांनी त्याच्याखाली स्पंजचा छोटा तुकडा कोंबला, नट वर आला, बोल्ट एका झटक्यात बसला. वरनं व्हॅसलीनचा हात फिरवला, नाहीतर पांढरी पावडर धरते.

आता देखभाल म्हणाल तर ही सीलबंद आहे, डिस्टिल्ड वॉटर घालायची भानगड नाही, झाकण उचकटायचं पण नाही. पण राजवाड्यापर्यंत जाऊन यायचं, त्यात दहा वेळा सेल्फ, एवढ्यानं बॅटरी भरत नाही, म्हणून रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला एक चक्कर असते (बायकोला हे कारण पटलेलं नाही). गावाला जास्त दिवस जायचं असलं तर मायनस काढून ठेवतो. चार्जरला लावायची वेळ आली तर एएचचा दहावा हिस्सा करंट, 9 ला 0.9 अँपिअर, सावकाश. कारच्या चार्जरवर तासात फुगवून देणारे आहेत, त्यांच्याकडं देऊ नका.

शेजारच्या पोराची बीएस 6 म्हणजे नव्या प्रदूषण नियमाची गाडी आहे, त्याला किकच नाही. त्याला सांगितलंय टक टक व्हायची वाट बघू नको, इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्शनचा पंप पण त्याच बॅटरीवर चालतो, पार उतरली तर ढकलून पण चालू होईलच असं नाही.