तुम्ही विचारलंत म्हणून: खाली गेलेल्या संघाचा शेवटचा घरचा सामना मी का बघतो

"संघ तर गेला की खाली. आता हा सामना बघून काय मिळणार तुम्हाला?"

हा प्रश्न मला घरात, सुताच्या पेढीवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेलाय. विचारणारे बहुतेक क्रिकेटवाले असतात आणि त्यांच्या सुरात टिंगलीपेक्षा काळजीच जास्त असते, माणूस बरा आहे ना अशी. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

मी लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबचा चाहता. सोलापूरच्या सूतदलालाला इंग्लंडातलं लेस्टर कुठून सापडलं, हा उपप्रश्न ठरलेला असतो. ज्या संघाला सट्टेवाल्यांनी एकाला पाच हजारांचा भाव दिला होता, तो २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडातली सगळ्यात वरची लीग, जिंकला. त्या वर्षी गावोगाव जे नवे चाहते झाले, त्यातला मी एक. बाकीचे पुढच्या वर्षी पांगले, मी राहिलो. तेही गाव होजिअरीचं आणि आपलं चादरी-टॉवेलांचं, ही जुळवाजुळव मी नंतर केली. खरं कारण जेमी वार्डी. कारखान्यात काम करत खालच्या खालच्या लीगमध्ये खेळणारा, लेस्टरने २०१२ मध्ये फ्लीटवूडकडून घेतलेला, आणि बचावपटूच्या खांद्याआडून असा सुटणारा की पेढीवरचा फोनसुद्धा मी उचलायचो नाही.

प्रश्न विचारणाऱ्यांचा दोष नाही. खाली जाणं म्हणजे काय, याची आपल्याला सवयच नाही. आयपीएलमध्ये २०२५ ला चेन्नई तळाला राहिली, म्हणून कुणी तिला दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत पाठवलं नाही. इंग्लंडमध्ये वीस संघांतले खालचे तीन सरळ चॅम्पियनशिप या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये जातात आणि तिथले तीन वर येतात. रणजी स्पर्धेत मात्र हा प्रकार आहे, आणि तो आपल्या पार्क स्टेडियमवरही येऊन गेलाय. जानेवारी २०२४ मध्ये कित्येक वर्षांनी सोलापुरात रणजी सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. मणिपूर डावाने हरलं आणि त्या हंगामाअखेर वरच्या एलिटमधून खालच्या प्लेट गटात गेलं. स्टँडमधल्या आम्हा लोकांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. घरी कुणाला तरी पडलेलं असणार.

आता मूळ प्रश्नाकडे. लेस्टर माझ्यादेखत प्रीमियर लीगमधून दोनदा उतरलं, आणि दोन्ही वेळचा शेवटचा घरचा सामना मी बघितला. पहिला बघितला असं म्हणायचं, एवढंच.

२८ मे २०२३. लेस्टर विरुद्ध वेस्ट हॅम, हंगामाचा शेवटचा दिवस, आपल्याकडे रात्री नऊला सुरू. नेमकी त्याच संध्याकाळी अहमदाबादला आयपीएलची फायनल होती आणि तिथे धो धो पाऊस. घरातला टीव्ही त्या पावसाला दिलेला. सगळे झाकलेल्या पिचकडे बघत बसलेले. मी कोपऱ्यात फोन घेऊन. लेस्टरला वाचायचं तर नुसतं जिंकून भागणार नव्हतं, आमच्यासारख्याच काठावरच्या एव्हर्टनने बोर्नमथविरुद्ध जिंकता कामा नये होतं. म्हणून एका फोनवर लेस्टर, दुसऱ्यावर एव्हर्टनचा स्कोअर. हार्वी बार्न्सने गोल केला तेव्हा मी दुसऱ्या फोनकडे बघत होतो. मग एव्हर्टनच्या डुकोरेचा गोल झाला, आणि त्यानंतर लेस्टरचा दुसरा गोल झाला की वेस्ट हॅमचा पहिला, काय कसं घडलं, काही डोक्यात शिरलं नाही. लेस्टर २-१ ने जिंकलं आणि खाली गेलं. आपल्या संघाने सामना जिंकलाय आणि आपण तो पाहिलेलाच नाही, असं मला दुसऱ्या दिवशी हायलाइट्स बघताना कळलं.

उतरण्याच्या भीतीत असलेला चाहता स्वतःच्या संघाचा खेळ बघतच नाही. तो आकडेमोड बघतो. त्यांचे इतके गुण, आपले इतके, गोलफरक एवढा, अमक्याचा सामना तमक्याशी. फेब्रुवारीपासून मे पर्यंत हाच धंदा. पेढीवर उधारी मोजायची आणि घरी येऊन गुण मोजायचे.

लेस्टर पुढच्याच वर्षी ९७ गुणांनी चॅम्पियनशिप जिंकून वर आलं. २०२४-२५ चा हंगाम मात्र असा गेला की आकडेमोडीलाही जागा उरली नाही. लागोपाठ नऊ घरचे लीग सामने गोल न करता हरले. इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात हे आधी कुणाला जमलं नव्हतं. २० एप्रिलला लिव्हरपूलकडून ०-१ ने हरल्यावर शिक्कामोर्तब झालं, तेव्हा पाच सामने बाकी होते. त्याच आठवड्यात वार्डीने जाहीर केलं की हंगाम संपल्यावर तो क्लब सोडणार. शेवटचा घरचा सामना १८ मेला इप्सविचशी होता. इप्सविचही उतरलेलं.

दोन उतरलेले संघ, समोरासमोर. मेहुण्याने पत्रक वाचून दाखवावं तसं मला सांगितलं, "दाजी, हा सामना रद्द केला तरी जगात काही बदलणार नाही." अगदी शून्य फरक पडत नाही, हे मी त्याला धंद्याच्या भाषेत समजावलं. प्रीमियर लीगमध्ये क्रमांकागणिक रक्कम बदलते, त्यामुळे अठरावं की एकोणिसावं यालाही पैसा आहे. शिवाय टीव्हीच्या उत्पन्नातून वरच्या प्रत्येक संघाला जो समान वाटा मिळतो, त्यातला हिस्सा उतरलेल्या संघाला पुढेही मिळतो: पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. लेस्टर एकच हंगाम वर टिकलं, म्हणून तिसऱ्या वर्षाचे २० टक्के कटाप. मेहुण्याला हे पटलं. माझ्या बघण्याचं कारण ते नव्हतं, हे त्याला सांगितलं नाही.

त्या दिवसाबद्दल सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली, मालकाच्या घरची आणि कामगाराच्या घरची. आमचा धंदा सुताचा. दिवसभर फोन दुसऱ्या कशासाठी वाजलाच नाही. संध्याकाळी साडेसातला सामना लावला तेव्हा आवाज बंदच ठेवला. संघ उतरल्यावर 'शोककळा', 'काळा दिवस' वगैरे मथळे येतात, मीही एप्रिलमध्ये ते वाचले होते. त्या संध्याकाळी मला कुणी फुटबॉलच्या दुःखाविषयी विचारलं असतं तर मी उत्तरच दिलं नसतं. त्यामुळे मी दुखवट्याला बसतो अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना सांगतो, तसलं काही नसतं.

मग काय असतं? तर बघणं असतं. दुसरा फोन खिशात. कुणाचा स्कोअर काय, विचारायची गरज नाही. वर्षभरात पहिल्यांदा मी चेंडूकडे आणि चेंडू नसलेल्या माणसाकडे बघितलं. वार्डी अडतीस वर्षांचा. तो पूर्वीसारखा सतत पळत नाही. चालतो, थांबतो, बचावपटूशी काहीतरी बोलतो, पुन्हा चालतो. आणि मग एकदाच सुटतो. अठ्ठाविसाव्या मिनिटाला तसा सुटला आणि गोल. लेस्टरसाठी पाचशेवा सामना, दोनशेवा गोल. असं कुणी रचून सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, थोडं कमी कर. दुसरा गोल केसी मॅकअटीरचा, क्लबच्या अकादमीतून आलेल्या पोराचा. निकाल २-०. शेवटी शेवटी वार्डीला बाहेर घेतलं तेव्हा सगळं मैदान उभं होतं, आणि मला टाळ्यांचा आवाज ऐकावासा वाटला म्हणून बटण दाबलं. बायको आतून म्हणाली, हळू.

आणखी एक गोष्ट, विषयांतर असलं तरी. त्याच एप्रिलमध्ये लेस्टरकडून जेरेमी मोंगा नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा मैदानात उतरला. क्लबच्या शर्टावर प्रायोजक सट्टेबाजीची कंपनी, आणि पोरगं अल्पवयीन. म्हणून त्याचा शर्ट छातीवर कोरा होता. अख्ख्या हंगामात मला आवडलेला एकमेव शर्ट तो. वाचायचं गणित संपलं की अशी पोरं दिसायला लागतात, कारण प्रशिक्षकालाही गमावण्यासारखं काही उरत नाही.

हेही स्पष्ट करतो की यात निष्ठा वगैरे मोठं काही नाही. उतरल्यावरही जो मैदानात जातो तोच खरा चाहता, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. लेस्टरचे कितीतरी लोक त्या वर्षी संचालक मंडळावर भडकलेले होते, आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. वर्षभराचं तिकीट आधीच घेऊन, नऊ सामने एकही गोल न बघता घरी परतलेला माणूस शेवटच्या दिवशी आला नसता, तर त्याची रिकामी खुर्चीही काहीतरी सांगत होतीच. मी इथून सोलापुरातून, पंख्याखाली बसून, त्याला शहाणपण शिकवणार नाही. माझं तर तिकीटही नव्हतं.

पेढीवर दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या अण्णांनी विचारलं, किती झालं? दोन शून्य म्हटलं. "मग वाचले का?" नाही, ते एप्रिलमध्येच गेले. अण्णांनी मान हलवली आणि चहा सांगितला.

त्यानंतर २५ मेला बोर्नमथला जाऊन एक सामना खेळायचा बाकी होता. वार्डीने आपला शेवट घरीच व्हावा असं ठरवलं होतं, तो त्यात खेळला नाही. मीही बघितला नाही. ०-२ ने हरले, हे मला सोमवारी मोबाइलवर दुसरंच काही शोधताना समजलं.