टिटवी जिथं ओरडते तिथं अंडी नसतात

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मी इकडे उत्तर इंग्लंडमध्ये फील्ड इकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. म्हणजे कुठं रस्ता, पाइपलाइन, केबल असं काही होणार असेल तर मशीन यायच्या आधी तिथं जायचं, कुठले पक्षी घरटी करतायत, कुठली झाडं-फुलं आहेत ते बघायचं आणि काम सुरू करा किंवा थांबा हे लेखी द्यायचं. ऐकायला निवांत वाटतं, पण त्या कागदावर सही आपली असते.

जागा होती अप्पर टीसडेल. डरहम परगण्यात टीस नदीच्या वरच्या अंगाला हे खोरं आहे, मिडलटन गाव मागं टाकलं की रस्ता चढत जातो, पांढऱ्या चुन्याने रंगवलेली शेतघरं दिसायला लागतात, दगड रचून केलेल्या गडग्यांनी कुरणांचे चौकोन पाडलेले असतात आणि झाडं हळूहळू संपतात. नेमकं कुरण कुठलं ते मी सांगणार नाही, कारण पुढे कळेल. तिथं विजेच्या तारा खांबांवरून काढून जमिनीखालून न्यायच्या होत्या, साधारण ३०० मीटर चर खणायचा होता. फुलांचा सर्व्हे आदल्या उन्हाळ्यात झालेला, पण फक्त ठरलेल्या पट्ट्यापुरता. माझं काम होतं त्या दिवशी सकाळी पट्टा फिरून घरटं नाही ना एवढं बघायचं. आठ वाजता जेसीबी येणार होता.

मी साडेचारला पोचले. सूर्योदय पाचच्या सुमारास, गाडीतलं थर्मामीटर ४ डिग्री दाखवत होतं. मे महिना म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढं काय येतं आणि इथं हातमोजे! पण दार उघडलं आणि तो आवाज कानावर आला की थंडी विसरायला होते. कर्लू नावाच्या लांब वाकड्या चोचीच्या पक्ष्याची लांबलचक वर चढत जाणारी शीळ, चंडोल कुठंतरी आभाळात टांगल्यासारखा न थांबता गातोय, आणि स्नाइप, दलदलीतला एक पक्षी. स्नाइप गळ्यातून नाही, शेपटीतून वाजतो, उंचावरून सूर मारताना शेपटीची बाहेरची पिसं ताठ करतो आणि त्यातून वारा गेला की बकरी बें बें करतेय असा थरथरता आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खरंच आजूबाजूला शेळ्या शोधल्या होत्या. ओढ्याच्या कडेला मार्श मॅरिगोल्डची पिवळी जर्द फुलं, छोट्या वाटीसारखी, अजून दवाने मिटल्यासारखी.

आणि टिटव्या. इथली टिटवी म्हणजे लॅपविंग. आपल्या टिटवीची सख्खी चुलतबहीण म्हणा ना. आपल्या टिटवीच्या डोळ्यापुढं लाल मांसल पट्टी आणि पिवळे लांब पाय असतात, हिच्या डोक्यावर मागं वळलेला बारीक तुरा असतो. लांबून काळी-पांढरी दिसते, पण उन्हाचा कवडसा पडला की पाठीवर हिरवा आणि जांभळा असा रंग फिरतो, पैठणीच्या काठासारखा. पंख रुंद, टोकाला गोल, आणि उडणं असं की गिरकी घेत जमिनीवर आपटतेय की काय वाटतं आणि शेवटच्या क्षणी वर. एकेकाळी हिची अंडी खायला म्हणून विकली जायची, ते थांबवायला इथल्या पार्लमेंटने १९२८ मध्ये फक्त हिच्यासाठी वेगळा कायदा केला होता. तरी आज ती इथल्या रेड लिस्टवर, म्हणजे सगळ्यात जास्त काळजी करावी अशा पक्ष्यांच्या यादीत आहे, २००९ पासून. नांगरट, निचरा, लवकर होणारी गवताची कापणी, सगळ्यांनी मिळून तिची जागाच खाल्ली.

तर मी पट्टा फिरायला लागले. पाच पाच मीटरवर सरळ रेषेत जायचं, पाय टाकायच्या आधी जमीन बघायची. एक जोडी लगेच उठली आणि डोक्यावर घिरट्या, पी-विट पी-विट करत. मी कुरणाच्या वरच्या कोपऱ्याकडे गेले तसा नराचा दंगा वाढला, पार डोक्याला वारा लागेल इतक्या जवळून सूर मारायला लागला. मला वाटलं, सापडलं, इथंच आहे. तो कोपरा मी पाऊणएक तास अक्षरशः इंच इंच बघितला. काही नाही. कोपरा पट्ट्याच्या बराच बाहेर होता. सात वाजत आले होते आणि फॉर्मवर लिहायचं वाक्यही डोक्यात तयार झालं होतं, पट्ट्यात घरटं आढळलं नाही, जोडी बाहेरच्या कोपऱ्यात.

तेव्हा आबा आठवले.

आमचं गाव माण तालुक्यात. मी सात-आठ वर्षांची असेन, उन्हाळ्यात आबांबरोबर रानात जायचे. टिटवी ओरडायला लागली की मी दगडांत अंडी शोधत पळायचे आणि आबा बांधावरून म्हणायचे, "पोरी, टिटवी जिथं वरडती तिथं अंडं नसत्यात. ती तुला लांब न्हेती. गप बस आन ती कुठं गप हुती ते बघ." एकदा कुळवणी करताना बैलांच्या पुढ्यातच अंडी दिसली, तर आबांनी कुळव उचलून घेतला, दोन पावलं पुढं नेऊन परत टेकवला. तेवढी पट्टी तशीच राहिली त्या वर्षी. गावात टिटवी रात्री ओरडली की अशुभ म्हणायचे, पण आबा तसलं काही मानायचे नाहीत. ते फक्त तिने अंडी कुठं घातली ते बघायचे, उंचवट्यावर असली तर पाऊस बरा म्हणायचे.

मी फॉर्म बंद केला आणि गाडीत जाऊन बसले. माणूस उभा दिसला की पक्षी परतत नाही, पण गाडीला ते घाबरत नाहीत, गाडी म्हणजे त्यांच्या लेखी एक मोठा दगड. काच चार बोटं खाली, दुर्बीण दारावर टेकवलेली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. नर अजून वरच्या कोपऱ्यात दंगा करत होता. मादी मात्र कुठंतरी खाली उतरली होती आणि चालत होती. टिटवी कधी सरळ अंड्यांवर उतरत नाही. लांब उतरते, चार पावलं चालते, थांबते, उगाच काहीतरी टिपल्यासारखं करते, परत चार पावलं. मी श्वास रोखून बघत होते. गडग्याचा एक पडलेला दगड आणि चिचुंद्रीसारख्या मोल नावाच्या प्राण्याने उकरलेला मातीचा ढीग, या दोघांच्या रेषेत ती आली, पिसं फुगवली, अंग दोन्ही बाजूंनी हलवलं आणि खाली बसली. दिसेनाशी झाली. नुसती तुऱ्याची एक काळी रेघ गवतावर.

पट्ट्याच्या बरोब्बर मध्यावर.

मी त्या रेषेवरून चालत गेले. आणि मी तिथून सकाळी गेले होते! दोन मीटरवरून गेले असणार. जमिनीत बशीएवढा खळगा, आत थोडं वाळकं गवत, आणि चार अंडी, निमुळती टोकं मधोमध जुळवून ठेवलेली, जणू कुणी चार पाकळ्या मांडल्यात. रंग मातकट हिरवा, त्यावर काळ्या शाईचे शिंतोडे. शेजारी मेंढीच्या लेंड्या पडल्या होत्या आणि नजर जरा हलली की अंडी कुठली आणि ते कुठलं कळेना. मी हात लावला नाही, फोटो काढला, लोकेशन घेतलं आणि अर्ध्या मिनिटात मागं फिरले, कारण वर कावळा होताच, तो माणसाच्या वाटेवर डोळा ठेवून असतो.

आठला टीम आली. फोरमन चांगला माणूस, पण त्याच्यावरही वरून प्रेशर होतं. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टप्रमाणे वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं गुन्हा आहे हे त्यालाही माहीत, त्यामुळे वाद झाला नाही. तो म्हणाला, मग चर थोडा वळवू, घरट्यापासून ५० मीटर सोडून त्या उंचवट्यावरून नेऊ, जमीनही कोरडी आहे. मला पटलं. बॉसला फोन केला, तोही म्हणाला चालेल, फक्त एकदा नजर टाकून घे.

आभाळ भरलेलं होतं. उंचवट्यावर गवत एकदम आखूड, मेंढ्यांनी चरलेलं, मधे मधे पांढरट खडी. मी ती खडी बोटांत घेतली आणि ती साखरेसारखी भुरभुरली. तिथंच मला धस्स झालं. टीसडेलमध्ये याला शुगर लाइमस्टोनच म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी व्हिन सिल नावाचा तापलेला लाव्हारस जमिनीखालून चुनखडीत घुसला, चुनखडी भाजली गेली आणि तिचे असे साखरेचे दाणे झाले. त्यावर दणकट गवत वाढत नाही, म्हणून हिमयुग संपताना इथं असलेली बारकी फुलं अजून टिकून आहेत. १९६७ मध्ये याच खोऱ्यातल्या काउ ग्रीनच्या धरणाला परवानगी मिळाली तेव्हा याच फुलांसाठी देशभरचे वनस्पतीशास्त्रज्ञ भांडले होते. धरण झालंच, काही जमीन पाण्याखाली गेली.

मी गुडघ्यावर बसले. आधी दिसली बर्ड्स-आय प्रिमरोझ, बोटभर देठावर गुलाबी फुलांचा झुपका, प्रत्येक फुलाच्या मधे पिवळा ठिपका. मग गवतातच, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उंचीवर, छत्री पिळून मिटावी तशा गडद काळपट कळ्या. एक, तीन, अकरा. स्प्रिंग जेन्शियन. ढग असले की हे फूल मिटून घेतं, वरून चालत गेलात तर काहीही दिसणार नाही. मी फोरमनला बोलावलं, तो वाकून बघत म्हणाला, हे? मी म्हटलं, थांब जरा.

वीसेक मिनिटं गेली असतील. कुरणाचा मालक शेतकरी पण क्वाड बाइकवरून येऊन उभा राहिला होता, सत्तरीचा, हातात काठी. आणि ढग फाटला. एकदम नाही उघडत हो ते, पीळ सैल होत जातो, आणि मग पाच पाकळ्या, मधे पांढरा ठिपका, आणि निळा असा की मी त्या रंगाला मराठीत शब्द शोधतेय अजून. मोरपंखी नाही, गोकर्णापेक्षा उजळ. मी सातारची, कासचं पठार बघत वाढले, सप्टेंबरात जांभळ्या सीतेच्या आसवांनी आणि गुलाबी तेरड्याने भरलेला सडा बघितलाय, तिथंही असंच, कातळावर मातीचा पातळ थर म्हणून दणकट झाडांना जागा नाही आणि बारक्या फुलांचं राज्य. पण हा निळा तिथं नाही. जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरून आला आणि चौघं जण वाकून एका बोटभर फुलाकडे बघत उभे.

हे फूल त्याच १९८१ च्या कायद्याच्या आठव्या शेड्यूलमध्ये, म्हणजे संरक्षित वनस्पतींच्या यादीत आहे, उपटणं गुन्हा. एका बाजूला घरटं, दुसऱ्या बाजूला जेन्शियन. मी फॉर्मवर लिहिलं, काम थांबवा, उंचवटा कायमचा वगळा, चर मूळ जागीच पण पिल्लं गेल्यावर. क्लायंटचे दोन कडक फोन आले, बॉस माझ्या मागं उभा राहिला. जागा का सांगत नाही ते आता कळलं असेल, ही फुलं खणून नेणारे आणि अंडी गोळा करणारे लोक अजून आहेत.

शेतकरी जाता जाता म्हणाला, म्हणजे आमची टीविट बसलीये तर. मी विचारलं काय म्हणालात. म्हणाला, इकडे जुनी माणसं लॅपविंगला टीविटच म्हणतात, आवाजावरून. मी सांगितलं, आमच्याकडे टिटवी म्हणतात, आवाजावरूनच. त्याने मला दोनदा म्हणायला लावलं. टि-ट-वी. मग स्वतः म्हणून बघितलं, ट जरा मऊ आला पण आला.

पुढे दर आठवड्याला मी गाडीतूनच बघून यायचे. तिसऱ्या खेपेला मादी खळग्यावर नव्हती. पोटात गोळा आला. मग ओढ्याच्या कडेला, मार्श मॅरिगोल्डच्या पानांत, काहीतरी हललं. काथ्याच्या गोळ्यासारखं पिल्लू, मानेमागं पांढरा पट्टा, पाय अंगापेक्षा लांब. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की थोड्याच वेळात पळायला लागतात, स्वतःचं स्वतः टिपून खातात. अजून एक. मग तिसरं. चौथं मला दिसलं नाही. कावळा खाली आला तशी मादी ओरडत उठली, त्याच्यावर झेपावली, आणि त्याला घेऊन गेली पार वरच्या कोपऱ्याकडे. पिल्लं जागच्या जागी दबून बसली, आणि दुर्बिणीतून बघत असूनही माझ्यासाठी ती नाहीशी झाली.