तांबडी भाजी आणि तिची दूरची बहीण

रविवारी डिचोलीला काकीच्या मळ्यात तांबडी भाजी उपटत होते. माती झटकलेली एक जुडी हातात धरून बसले, तर काकी म्हणाली, "बघतेस काय गो? बांध लवकर, बाजार उठेल."

मी मुळं बघत होते. शुगर बीट याच भाजीच्या, राजगिऱ्याच्या कुळातलं. आपली साखर उसाची. युरोपात मात्र ती बीटच्या कंदातून निघते. तिथे, इटलीत, १९५०च्या दशकात रायझोमेनिया हा रोग दिसला. कंद आखडतो, त्याला दाढीसारखी केसाळ मुळं फुटतात, साखर घटते. हा रोग एका विषाणूमुळे होतो. तो मुळांमध्ये शिरतो तो मातीतल्या पॉलिमिक्सा या सूक्ष्मजीवाबरोबर, आणि या सूक्ष्मजीवाचे बीजाणू शेतात वर्षानुवर्षं तग धरतात.

मला खिळवून ठेवतं ते या विषाणूचं वैविध्य. ए, बी आणि पी असे त्याचे प्रकार. पी फ्रान्समधल्या पिथिविए भागातला. त्यात आरएनएचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय साहित्याचा, पाचवा तुकडाही असतो आणि तो जास्त छळतो. या रोगाला तोंड देणाऱ्या आरझेड-१ जनुकाचे बीटचे वाण आले, शेतकऱ्यांना हायसं वाटलं. पण विषाणूच्या पी-२५ प्रथिनात ६७ ते ७० या क्रमांकांच्या चार जागा (प्रथिनाच्या साखळीतले चार दुवे) सतत बदलत असतात. तिथे नेमका बदल झाला की तो वाणही कोलमडतो. चार जागा फक्त!

म्हणून सगळं शेत एकाच वाणावर सोपवणं मला पटत नाही. काकी दरवर्षी घरचं बी धरते, शेजारणीचंही मूठभर मिसळते. या खेपेला पुडीवर मी साल लिहिलं.