भिंतीतली भोके आणि आरपार दगड

सोलापुरात होटगी रस्त्याकडे एका इमारतीचे काळ्या दगडातले बांधकाम सुरू असताना तिथली देखरेख माझ्याकडे होती. एप्रिल महिना असल्यामुळे दुपारी दगडाला हात लावणे अशक्य होई, म्हणून काम सकाळी सहालाच सुरू करून बारा ते साडेतीन सुट्टी ठेवली होती.

त्या सकाळी मी ओळंबा धरून पाहिला, तेव्हा दीड फूट जाडीची ती भिंत आठ फुटांपर्यंत सरळ चढलेली होती आणि दर्शनी दगडांची घडाईही सुरेख होती. मात्र बाहेरच्या आणि आतल्या अंगाला बांधून ठेवणारे आरपार दगड मला कुठेच दिसेनात. भारतीय मानकानुसार असे दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर हवेत. शेजारच्या किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात जाडजूड दगडी भिंतींची दोन अंगे सुटून माणसांवर कोसळली, हे आठवत असताना आपल्याच कामावर ही उणीव पाहून मी अस्वस्थ झालो.

मी मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, "साहेब, परांचीचे आडवे बांबू भिंतीत घालायचे म्हणून भोकं सोडलीत. तिथंच आरपार दगड बसवला तर बांबू कुठं टेकणार?"

दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. विटांच्या कामाला चालणारी, एका बाजूने भिंतीवरच टेकणारी एकेरी परांची दगडी कामाला वापरू दिली होती, आणि चार दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी हरकत घेतली नव्हती. दगडाच्या भिंतीला स्वतःच्या खांबांच्या दोन ओळींवर, भिंतीत बांबू न घालता उभी राहणारी दुहेरी परांची लागते, कारण भोकांनी भिंत कमकुवत होतेच, शिवाय दगडाचा भार फार मोठा असतो. फूटभर लांब आणि आठ इंच रुंद-उंच असा काळा दगड सुमारे ३५ किलो भरतो, आणि वरच्या फळीवर तसे वीस दगड रचलेले होते. म्हणजे माणसे सोडून सातशे किलो.

मी आधी खालची जागा मोकळी करायला लावली, मिस्त्रींना उतरवले आणि बाजूच्या शिडीवरून एकेक दगड खाली घ्यायला सांगितले. मुकादम रोजगार बुडेल म्हणून कुरकुरत होता, आणि त्याची काळजी खोटी नव्हती. नववा दगड उतरताच एक आडवा बांबू कडकन चिरला, फळी एका अंगाला कलली आणि उरलेल्यांपैकी दोन दगड खाली आले. बिगारी बायका रोज न्याहारीला जिथे बसत, तिथेच ते पडले. त्यांतल्या एका मावशींनी नुसते माझ्याकडे पाहिले; ती नजर मला अजून आठवते.

पुढचे दोन दिवस दुहेरी परांची उभारण्यात आणि वरचे थर उतरवून पुन्हा रचण्यात गेले. खालच्या भोकांत मिस्त्रींनी मापाने घडवलेले आरपार दगड पक्क्या मसाल्यात बसवले. छन्नीच्या कपच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून घडाईवाल्यांना त्याच दिवशी चष्मे दिले, जे पहिल्या दिवशीच द्यायला हवे होते.

तेव्हापासून मिस्त्री प्रत्येक आरपार दगडावर भिंतीच्या दोन्ही अंगांना गेरूची खूण करू लागले, आणि थर झाकण्याआधी मला हाक मारून त्या खुणा मोजायला लावू लागले.