तुम्ही विचारलंत म्हणून: जपमाळेतली शेवटची दोन रहस्यं

"येशूच्या आईला, मारियेला देहासह स्वर्गात नेलं, हे बायबलमध्ये कुठे लिहिलंय?"

दर ऑगस्टमध्ये हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. १५ तारखेला मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो आणि स्वातंत्र्यदिनही, त्यामुळे आम्ही वसईकर कॅथलिक सकाळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जातो आणि तिथूनच झेंडावंदनाला. शुभेच्छांच्या मेसेजमध्ये सणाचं नाव वाचून कोणीतरी विचारतं. सगळ्यात मनापासून विचारते ती माझी ऑफिसातली मैत्रीण. ती नगरकडची, प्रॉटेस्टंट. तिच्या घरी जेवणाआधी रोज बायबलचा एक अध्याय वाचतात. ती भांडायला येत नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून मीही खरं तेच सांगते: कुठेच लिहिलेलं नाही.

पण उत्तर तिथे संपत नाही, आणि पुढचं सांगायला मला आजीपासून सुरुवात करावी लागते.

आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या उमेदीच्या काळात मिस्साची भाषा लॅटिन होती. मराठी वेदीवर आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात जगभरचे कॅथलिक बिशप रोममध्ये जमले त्यानंतर. तरी आजीला येशूचं सगळं चरित्र क्रमवार ठाऊक होतं, कारण रोज संध्याकाळी दिवा लागला की ती जपमाळ घेऊन बसायची. जपमाळेच्या या प्रार्थनेला रोझरी म्हणतात, आणि जप करताना येशू-मारियेच्या आयुष्यातल्या ज्या प्रसंगांचं मनन करायचं त्यांना रहस्यं. तेव्हा ती पंधरा होती: पाच आनंदाची, पाच दुःखाची, पाच गौरवाची. गाब्रिएल दूताच्या निरोपापासून पवित्र आत्म्याच्या आगमनापर्यंतची तेरा थेट शुभवर्तमानांतली आणि बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली. राहिली शेवटची दोन, मारियेचं स्वर्गोन्नयन आणि स्वर्गाची राणी म्हणून तिचा राज्याभिषेक. ती बायबलमध्ये घटना म्हणून सापडत नाहीत. चौदाव्या रहस्याला आजीचा आवाज बदलायचा नाही. ज्यांनी तिला तेरा शिकवली, त्यांनीच पुढची दोन शिकवली होती.

मैत्रीण म्हणते, इथेच तर गडबड आहे. येशूने परुश्यांना, त्या कडक नियम पाळणाऱ्या यहुदी धर्मपंथीयांना सुनावलंच ना, की तुम्ही देवाची आज्ञा सोडून माणसांच्या परंपरेला चिकटता? मार्कच्या सातव्या अध्यायात ते आहे आणि ते मला नाकारता येत नाही. मी तिला बायबलमधलंच, प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं दुसरं पत्र दाखवते: आम्ही तोंडी किंवा पत्राने जे शिकवलं ते धरून राहा. दोन्ही वचनं एकाच बायबलमधली. म्हणजे परंपरा हवी की नको, एवढ्यावर वाद मिटत नाही. कोणती परंपरा देवाकडून आली आणि कोणती माणसाने मागाहून चिकटवली, हे ओळखायचं कसं, हा खरा प्रश्न आहे.

आणि एक गोष्ट मी तिला दरवेळी विचारते. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, नेमकी हीच सत्तावीस पुस्तकं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? तीही यादी बायबलमध्ये नाही. नेमकी ही सत्तावीस नावं असलेली आपल्या हाती आलेली सर्वांत जुनी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात आहे. तोवर तीनशे वर्षं लोक प्रार्थना करत होते, भाकर मोडत होते, श्रद्धेसाठी मरत होते. शास्त्र त्या मंडळीच्या ओंजळीतून आपल्यापर्यंत आलं. त्या ओंजळीवर विश्वास न ठेवता फक्त पुस्तक घेणं मला जमत नाही.

'देवमाता' हा शब्दही बायबलमध्ये नाही. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्तोरियस याला तो खटकला, ख्रिस्तमाता म्हणा असं तो म्हणाला, आणि ४३१ साली एफेससला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने देवमाताच कायम केला. तिथला मूळ मुद्दा येशूचा होता: मारियेच्या कुशीतून जो जन्मला तो देव की देवाने निवडलेला कोणी माणूस? मला यातून कसोटी मिळते. मारियेबद्दलचं एखादं विधान मला येशूकडे नेत असेल, तर मी ते आनंदाने म्हणते. तिच्यापाशीच थांबवत असेल, तर मी सावध होते.

मारिया कायम कुमारी राहिली असं आम्ही मानतो, म्हणून येशूच्या भावांविषयीही विचारतात. मार्कने याकोब, योसे, यहूदा, शिमोन अशी नावं दिली आहेत. आपण मराठीत चुलतभावालाही नुसतं भाऊच म्हणतो, आणि आमचं स्पष्टीकरण काहीसं तसंच आहे. मात्र ग्रीकमध्ये चुलतभावाला वेगळा शब्द होता, हेही मी सांगते. तेवढ्याने वाद सुटत नाही.

कॅथलिकांनी हे सगळं डोळे मिटून गिळलं असं कोणाला वाटत असेल, तर निष्कलंक गर्भसंभवाचा इतिहास पाहावा. मारिया आईच्या पोटात आली त्या पहिल्या क्षणापासून मूळपापापासून, म्हणजे आदामापासून सगळ्या माणसांना जन्मतः लागणाऱ्या पापापासून मुक्त होती, या विचाराला संत बर्नार्डने बाराव्या शतकात विरोध केला, आणि त्याची मारियेवरची माया तर प्रसिद्ध आहे. मध्ययुगातला थोर धर्मपंडित थॉमस अक्विनास यालाही ते पटेना: तिला पापच नव्हतं, तर तारणारा कशाला हवा? फ्रान्सिस्कन संन्यासी आणि धर्मपंडित डन्स स्कोटसचं उत्तर मला फार आवडतं. खड्ड्यात पडलेल्याला वर काढणं हे तारणच, पण पडण्याआधी हात धरणं हे त्याहून मोठं तारण. तिलाही येशूनेच तारलं, फक्त आधी. त्यानंतरही शतकानुशतकं वाद चालला आणि १८५४ साली पोप नववे पायस यांनी ते श्रद्धासत्य म्हणून जाहीर केलं.

आता स्वर्गोन्नयन. पुराव्याच्या बाजूने आमची ही जागा सर्वांत कमकुवत आहे. चौथ्या शतकात बिशप एपिफानियसने लिहून ठेवलं की मारियेचा शेवट कसा झाला हे कोणालाच ठाऊक नाही. सविस्तर कथा दिसतात त्या पुढच्या शतकांत, आणि त्यांत चमत्कारांची गर्दी आहे. पेत्र आणि पौल यांच्या अस्थी रोमने जपल्या, मारियेच्या अस्थी आमच्याकडे आहेत असं मात्र कोणत्याही शहराने कधी ठामपणे म्हटलं नाही. मला हे मौन बोलकं वाटतं. सिद्ध मात्र त्याने काही होत नाही.

पोप बारावे पायस यांनी १९४६ साली जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं, तुमचे लोक हे मानतात का? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर होकारार्थी आलं, आणि १ नोव्हेंबर १९५० रोजी घोषणा झाली. ती मरण पावली की नाही, हेसुद्धा त्या घोषणेने उघडं ठेवलं आहे. सांगितलं ते एवढंच: पृथ्वीवरचं आयुष्य पूर्ण झाल्यावर देवाने तिला देह आणि आत्म्यासह गौरवात घेतलं.

ते साल माझ्या मनातून जात नाही. महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. छळछावण्यांत लाखो माणसांचे देह कचऱ्यासारखे जाळले गेले होते. अशा वेळी एका गावातल्या गरीब बाईचा देह देवाने टाकून दिला नाही, असं म्हटलं गेलं. आजीचे भातलावणीने वाकलेले गुडघे, चिखलाने भेगाळलेल्या टाचा मला आठवतात. मारियेच्या बाबतीत जे झालं ते शेवटी आपल्या सगळ्यांच्या देहांचं होणार आहे, आणि पौल करिंथकरांना हेच तर लिहितो. चौदावं रहस्य मी यासाठी म्हणते.

मैत्रिणीची एक भीती मात्र मला रास्त वाटते. 'लेक रागावला तरी आई ऐकते' असं आमच्याकडे सहज बोललं जातं, आणि त्यात नकळत येशू कठोर ठरतो. मध्यस्थ एकच, येशू, असं शास्त्र म्हणतं. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मारियेवर स्वतंत्र दस्तऐवज करायचा की तिला ख्रिस्तसभेवरच्या, म्हणजे सगळ्या चर्चवरच्या दस्तऐवजातच स्थान द्यायचं, यावर मतदान झालं. १,११४ विरुद्ध १,०७४. चाळीस मतांनी ती आपल्यात, सगळ्या मंडळीबरोबर बसली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की मारियेला 'सहतारक' म्हणणं उचित नाही. काना नावाच्या गावातल्या लग्नात ती नोकरांना म्हणाली, तो सांगेल ते करा. तिचं एवढंच काम.

आजी गेली त्या रात्री मैत्रीण आमच्या घरी आली होती. आम्ही रोझरी म्हणत होतो. दर मण्याला म्हणायच्या 'नमो मारिया' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग दूताचा आणि मारियेची नातलग अलीशिबा हिचा, दोन्ही लूकमधले. तो तिने आमच्याबरोबर म्हटला. 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर' या भागाला ती गप्प राहायची. दर मण्याला तसंच, पहाटेपर्यंत. मला त्या गप्प राहण्याचा राग आला नाही, आणि उठून जावंसं तिलाही वाटलं नाही.